‘वारा लागलाय, तेल चोळा’

थंडी पडली की हा निरोप आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून फिरू लागतो. रामबागेतून निघतो, लोकमान्य नगरात पोचतो, पुण्याच्या भाचीकडे चक्कर मारून पुन्हा स्नेहलतागंजात येतो. यंदा मला तो मामींनी पाठवला, खाली जोडलेल्या हातांसकट. मजकूर असा:

‘कुत्रा अचानक मागच्या पायांवर उभा राहीनासा झाला तर घाबरू नका. हा वारा लागल्याचा किंवा कॅल्शियम कमी झाल्याचा प्रकार आहे. मोहरीच्या तेलात लसूण जाळून कमरेपासून पायांपर्यंत दिवसातून तीनदा चोळा. पोटाखाली टॉवेल धरून रोज चालवा, नाहीतर पाय कायमचे आखडतील. दुखत असेल तर आपलीच अर्धी गोळी द्या. बोट चिमटल्यावर पाय ओढून घेतला तर नस जिवंत आहे, आठ दिवसांत चालेल. नाही चालला तर त्याला त्रासातून मोकळं करणं हेच पुण्य.’

डॉक्टरकडे न्या, असं यात कुठेही नाही. शेवटच्या ओळीत ते नकळत आलंय, पण ते इंजेक्शन देऊन झोपवण्यासाठी.

मी चिडून लिहितेय हे कबूल. कारण यातलं तेल आणि टॉवेल दोन्ही मी तीन वर्षांपूर्वी आमच्या बटूवर करून पाहिलंय. बटू डॅशहंड. तेव्हा पाच वर्षांचा, वजन नऊ किलो, लांबीला पोळपाट-लाटणं शेजारी ठेवावं तसा. रात्री नीट जेवला, सोफ्यावर चढला, उतरला. सकाळी मागचा भाग दारू प्यायल्यासारखा डुलत होता. संध्याकाळपर्यंत तो पुढच्या दोन पायांवर फरशीवरून स्वतःला ओढत होता. मधल्या दहा तासांत मी त्याला अंगणात तीन फेऱ्या चालवलं होतं. टॉवेल धरून, निरोपात सांगितल्याप्रमाणे.

आता ‘वारा’. जानेवारीतली इथली पहाट हाडात शिरते. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचं, कौतुक करणाऱ्यांनी एकदा साडेपाचला कुत्र्याबरोबर अंगणात उभं राहून बघावं. थंडीनं म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडतात, सकाळी तो लंगडतो, हे खरं. पण थंडीनं पाठीच्या कण्यातली नस बंद पडत नाही. वारा हे निदान नव्हे, निदान झालं नसल्याचं ते दुसरं नाव आहे. आणि त्या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या जातात बघा. मणक्यांच्या मधली चकती, म्हणजे गादी, सरकते. खेळता खेळता चकतीचाच बारीक कण रक्तवाहिनीत अडकून मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा कुत्रा एकदा किंचाळतो, मग फारसं दुखत नाही, आणि बहुधा एकच बाजू जास्त लुळी पडते. दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध तुटले तरी लांबून लकव्यासारखंच दिसतं. मागचे पंजे थंड आणि निळसर पडले असतील तर रक्ताची गुठळी असू शकते. गोचिडांच्या तापानं गळून गेलेला कुत्राही उठत नाही. आणि लस न दिलेला, रस्त्यावर चावाचावी झालेला कुत्रा असेल तर रेबीज. पिसाळलेला कुत्रा अंगावर धावूनच येतो असं नाही, काही वेळा त्याचे पाय आणि जबडा लुळा पडतो. त्याच्या घशात काहीतरी अडकलंय असं समजून तोंडात बोटं घालणारे लोक मी पाहिलेत. अशा कुत्र्याला वारा लागलाय म्हणून चोळत बसणं किती महागात पडेल, ते वेगळं सांगायला नको.

ठेंगण्या, लांब पाठीच्या कुत्र्यांत मात्र पहिला संशय चकतीवरच घ्यायचा. डॅशहंड, शिह त्झू, ल्हासा, पग, बीगल, कॉकर, फ्रेंच बुलडॉग. मणक्यांच्या मधली गादी बाहेरून चिवट आणि आतून लिबलिबीत असते. या जातींना आखूड पाय देणारा वारसाच त्यांची गादी लवकर सुकवतो. शहाळ्यातली मलई सुकून खोबरं व्हावं तसं ते होतं, आणि सुरुवात वय वर्ष एकच्या आसपासच होते. मग तीन ते सात वर्षांच्या दरम्यान एखाद्या साध्या उडीनं ते खोबरं फुटून वर मज्जारज्जूवर आदळतं. जागाही बहुतेक ठरलेली, जिथे छाती संपून कंबर सुरू होते तिथे. म्हणजे ‘अचानक’ झालेलं हे दुखणं चार वर्षं शिजत होतं. सोफा फक्त निमित्त. (सोफ्याला दोष देत मी महिनाभर त्याच्यावर उलट्या खुर्च्या ठेवल्या होत्या. आजही ठेवते, पण आता राग म्हणून नाही.)

कॅल्शियमचं बोलणं थोडक्यात उरकते. ते पूर्ण खोटं नाही म्हणूनच टिकलंय. पिल्लं पाजणाऱ्या लहान जातीच्या कुत्रीचं कॅल्शियम बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खरंच कोसळतं. पण ती थरथरते, ताठ होते, धापा टाकते, अंग तापतं. ते तातडीचं दुखणं आहे आणि शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती झपाट्यानं सावरते. कुणीतरी ते डोळ्यांनी पाहिलं असणार आणि मग प्रत्येक बसलेल्या कुत्र्याला तेच लावलं. बटू नर होता.

तेल आणि टॉवेल हा या निरोपाचा खरा गाभा आहे, आणि खरा घातही तिथेच. आपल्याकडे आजाऱ्याजवळ नुसतं बसवत नाही. काहीतरी लावलं, शेकलं, चोळलं पाहिजे. बाळ जन्मलं तरी चोळतो, म्हातारा पडला तरी चोळतो. पण फुटलेल्या गादीला जी गोष्ट हवी असते ती नेमकी आपल्याला जमत नाही: हालचाल बंद. गादीच्या तुटलेल्या बाहेरच्या कड्याला खपली धरायला वेळ लागतो. तोवर प्रत्येक उडी, प्रत्येक झटका, अंगणातली प्रत्येक फेरी आतला उरलेला गर आणखी बाहेर ढकलू शकते. सकाळी डुलणारा बटू संध्याकाळी फरपटत होता, त्यात माझ्या तीन फेऱ्यांचा वाटा किती हे कुणी सांगू शकणार नाही. मी तो शून्य धरत नाही.

विश्रांती म्हणजे ‘जरा कमी खेळू द्या’ असंही नव्हे. किमान चार आठवडे, बऱ्याचदा सहा, बंद पिंजऱ्यात. आम्ही फळवाल्याकडून प्लास्टिकचे दोन मोठे क्रेट आणून एकमेकांना बांधले, आत गोधडी घातली. उभं राहता येईल, वळता येईल, चालता येणार नाही एवढीच जागा. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, आणि तेव्हा पोटाखाली टॉवेल. निरोपातला टॉवेल एवढ्यापुरता बरोबर आहे. व्यायाम आणि मालिश यांचीही वेळ येते, पण ती पुढे, डॉक्टर सांगतील तेव्हा. पाय लगेच आखडत नाहीत, मज्जारज्जू मात्र लगेच बिघडतो.

शिवाय लसूण. कुत्रा अंगावरचं चाटतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि लहान कुत्र्याला त्यासाठी फार लागत नाही.

‘आपलीच अर्धी गोळी’ ही ओळ ज्यानं लिहिली त्याच्याशी मला समोरासमोर बोलायला आवडेल. आपल्या घरांत डब्यात असतं काय? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल. पहिल्या दोन्हींनी कुत्र्याच्या जठराला रक्ताळ व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि सोसण्याचा नि विषबाधेचा आकडा यांत अंतर फार थोडं असतं. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृत जातं. डायक्लोफेनॅक तर आपल्या देशात २००६ पासून जनावरांच्या औषधांतून बाद आहे. ते गिधाडांसाठी, पण डब्यातली गोळी शोधणाऱ्या हातानं तेवढं आठवावं. दुसरी अडचण अशी की गोळी दिल्यावर डॉक्टरांचेही हात बांधले जातात. आधीच्या वेदनाशामकावर स्टेरॉइड पडलं तर पोटाला भोक पडायची भीती असते, म्हणून त्यांना थांबावं लागतं. दिलंच असेल तर लपवू नका, गोळीचं पाकीट सोबत न्या.

चिमट्याची ओळ सगळ्यांत शास्त्रीय वाटते आणि सगळ्यांत जास्त फसवते. बोट चिमटल्यावर पाय आखडणं ही तळमजल्यावरची देवाणघेवाण आहे. निरोप पायातून कण्याच्या खालच्या भागात जातो, तिथूनच उत्तर येतं, पाय ओढला जातो. वरच्या मजल्याला, म्हणजे मेंदूला, पत्ताच नसतो. मज्जारज्जू मध्ये पूर्ण तुटलेला असला तरी पाय आखडू शकतो. बघायचं ते पायाकडे नाही, तोंडाकडे. कुत्रा वळून पाहतो का, कण्हतो का, चावायला येतो का?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी बटूचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. धड कुत्रा तो लगेच सरळ करतो. बटूचा तसाच राहिला. म्हणजे भानगड गुडघ्याची नव्हती, नसेची होती. मग त्यांनी चिमट्यानं बोटाचं हाड दाबलं. पाय आखडला. आई म्हणाली, ‘अहो, हलतोय की!’ डॉक्टर काही बोलले नाहीत, आणखी दाबलं. बटूनं मान वळवली आणि त्यांच्या मनगटाकडे दात काढले. तेव्हा ते हसले. स्वतःच्या कुत्र्यानं कुणाला चावायला गेल्याचा एवढा आनंद मला पुन्हा झालेला नाही.

कारण सगळं गणित त्या एका वळण्यावर असतं. खोलवरची वेदना कळत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहांतले नऊच्या आसपास कुत्रे चालतात, नुसत्या काटेकोर विश्रांतीवरही निम्म्याहून थोडे जास्त. ती जाणीव गेली असेल तर शस्त्रक्रियेनं साधारण निम्मे उठतात, शस्त्रक्रियेविना फार थोडे. म्हणून जाणीव गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ‘आठ दिवस वाट बघा’ म्हणणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. तिथे तास मोजायचे असतात. साध्या एक्स-रेवर मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ यानंही निवांत होऊ नका. कुठे जायचं हा इंदूरकरांचा प्रश्न असतो, तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून २५ किलोमीटरच्या आत उभं आहे. एमआरआय आणि कण्याची शस्त्रक्रिया कुठे जमेल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. आमचं शस्त्रक्रियेचं जमलं नाही, पैशाचंही आणि अंतराचंही. बटू क्रेटवरच सुधारला. आमचा कौल बरोबर लागला म्हणून तो सगळ्यांनी लावावा असं मी म्हणणार नाही.

निरोपात लघवीबद्दल अवाक्षर नाही, आणि घरी निम्मं काम तेच असतं. तिसऱ्या दिवशी गोधडी ओली दिसली तेव्हा आम्ही खूश झालो. झालं होतं उलटं. मूत्राशय रिकामं करता येत नव्हतं, ते काठोकाठ भरून सांडत होतं. असं तुंबून राहिलं की संसर्ग होतो, स्नायू ताणून निकामी होतो. दिवसातून तीन-चार वेळा हातानं दाबून रिकामं करावं लागतं. पोटाच्या मागच्या भागात दोन्ही तळव्यांमध्ये पाण्याचा फुगा लागतो, तो सावकाश, सलग दाबायचा. डॉक्टरांनी करून दाखवल्याशिवाय करू नये. आमच्यात ते आईला सगळ्यांत छान जमलं. पहाटे पाचला ती बटूला मोरीत धरून ‘शू… शू…’ करायची, मी लहान असताना करायची तश्शीच. सोबत दर काही तासांनी कूस बदलणं, गोधडी कोरडी ठेवणं, नाहीतर हाडांच्या जागी जखमा होतात.

राहिलं पुण्य. झोपवणं कधीच बरोबर नसतं, असं मी म्हणत नाही. खोल जाणीव गेलेल्यांपैकी दहांतल्या एखाद्याचा मज्जारज्जू मऊ पडत वर वर सडत जातो, काही दिवसांत ते सडणं श्वास चालवणाऱ्या नसांपर्यंत पोचतं. तिथे सोडवणं हीच दया. पण आठव्या दिवशी चालला नाही एवढ्यावरून? बटू सोळाव्या दिवशी शेपूट हलवायला लागला, पाचव्या आठवड्यात उभा राहिला. आज मागचा डावा पंजा घासतो, त्या नखांची टोकं झिजलेली असतात, आणि पोह्यांवरची शेव पडली की सगळ्यांत आधी पोचतो. जे कधीच उठत नाहीत तेही पाइपांच्या दोन चाकांच्या गाड्यांवर मजेत फिरतात. लुळं पडणं आणि हाल होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बटूला पहिले चार दिवस हाल होते, पुढचे चार आठवडे नुसता कंटाळा.

हे सगळं मी मामींना फोनवर सांगत होते, तर मागे फोडणीचा आवाज. निरोप उगाच पाठवला नव्हता. शेजारच्यांची शिह त्झू सकाळपासून बसली होती.

‘मामी, तेल गॅसवर आहे का?’

‘आहे की. लसूणही काळा झाला. तूच सांग आता काय करू?’

‘गॅस बंद करा. जेवायला बसायचा तो लांब पाट आहे ना, त्यावर चादर घाला. दोघांनी मिळून तिला सरळ उचलून पाटावर ठेवा, पाठ आणि मान वाकू देऊ नका. वरून दुपट्ट्यानं सैल बांधा आणि शेजाऱ्यांना आत्ताच डॉक्टरकडे निघायला सांगा. काही खायला घालू नका. गोळी दिली का विचारा.’

मामींनी पलीकडे ओरडून विचारलं. गोळी दिली नव्हती.

‘बरं, आणि या तेलाचं काय?’

‘तुमच्या गुडघ्यांना लावा. वाटीभर आईसाठी ठेवा.’