डेट्रॉईटनं म्युझियम वाचवलं, कोल्हापूरला कोण वाचवणार?

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून आमच्या कोल्हापूरकरांच्या ग्रुपवर एक वाद फिरून फिरून येतोय. एक गट म्हणतो नाट्यगृह महापालिकेचं, शाहू महाराजांनी १९१५ साली गावाला दिलेलं, मग पैसा सरकारनंच द्यायचा, देणग्या कशाला गोळा करायच्या. दुसरा गट म्हणतो सरकारच्या भरवशावर राहिलात तर नातवंडं नाटक बघतील, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांनी आणि बाहेर गेलेल्या लोकांनी (म्हणजे आम्ही) खिशात हात घालावा. सरकारनं निधी जाहीर केला तरी वाद काही मिटला नाही, कारण साहित्य संमेलन आलं, कुठलं वाचनालय बंद पडलं, की परत तेच, सरकार की देणगीदार.

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत, मिशिगन राज्यात डेट्रॉईटजवळ राहतो, गाड्यांच्या पार्ट्सच्या धंद्यात आहे, आणि इथं राहून माझं मत असं झालंय की आपण वादच चुकीच्या जागी घालतोय. बांधायला पैसा कोण देणार यावर आपण महिनोन् महिने बोलतो, पण बांधून झाल्यावर पुढची पन्नास वर्षं लाईट बिल, वायरिंगची तपासणी, फायर सिस्टीमचा मेंटेनन्स आणि तिथं काम करणाऱ्या माणसांचा पगार कोण देणार यावर कुणी बोलत नाही. केशवरावचं नूतनीकरण जळायच्या आधी काही वर्षंच झालं होतं हे विसरू नका.

डेट्रॉईटचं काय झालं ते सांगतो कारण आपल्याकडे लोकांना फक्त "दिवाळखोर शहर" एवढंच माहिती असतं. १९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार राहिले. माणसं गेली, कारखाने गेले, टॅक्स गेला, आणि जुलै २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली, डोक्यावर अंदाजे १८ अब्ज डॉलरचं देणं. आता गंमत म्हणजे डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स हे देशातलं एक नावाजलेलं म्युझियम, आणि त्यातली चित्रं शहराच्या मालकीची. सावकार म्हणाले विका. ख्रिस्तीज या लिलाव कंपनीच्या लोकांना बोलावून किंमत काढली गेली, शहराच्या पैशातून घेतलेल्या कलाकृतींचीच किंमत ४५ ते ८७ कोटी डॉलरच्या दरम्यान निघाली, आणि या कलाकृती एकूण संग्रहाच्या पाच टक्क्यांच्या आसपास.

दुसऱ्या बाजूला शहराचे तीस हजारांहून जास्त आजी-माजी कर्मचारी, ज्यांच्या पेन्शनला कात्री लागणार होती. बस ड्रायव्हर, पाणी खात्यातली माणसं, क्लार्क. चित्रं ठेवायची की म्हाताऱ्या माणसाची पेन्शन, असा प्रश्न उभा केला गेला आणि असा प्रश्न विचारला की चित्रं हरणारच. मध्यस्थ म्हणून नेमलेले न्यायाधीश जेराल्ड रोझन यांनी मग मोठमोठ्या देणग्या देणाऱ्या खासगी फाउंडेशनवाल्यांना बोलावलं आणि दोन्ही टोकं एकत्र बांधली: फाउंडेशन्स पैसे देतील, पण ते पैसे पेन्शन फंडात जातील, आणि त्या बदल्यात म्युझियम शहराच्या मालकीतून बाहेर काढून एका स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे द्यायचं, म्हणजे पुढं कुठल्याच सावकाराला त्याला हात लावता येणार नाही. याला इथं ग्रँड बार्गेन म्हणतात. फाउंडेशन्सनी मिळून ३६.६ कोटी डॉलर कबूल केले, त्यात फोर्ड फाउंडेशनचे १२.५ कोटी, क्रेस्गीचे १० कोटी, केलॉगचे ४ कोटी, नाईटचे ३ कोटी. राज्य सरकारनं एकरकमी साडेएकोणीस कोटी दिले आणि म्युझियमनं स्वतः १० कोटी उभे करायचे ठरलं, त्यात तिन्ही मोठ्या कार कंपन्यांनी भर घातली. फाउंडेशन्सचा पैसा वीस वर्षांच्या हप्त्यांत यायचा. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं.

यातली क्रेस्गीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सेबॅस्टियन क्रेस्गी म्हणजे स्वस्तातल्या वस्तूंच्या दुकानांचा मालक, त्याची कंपनी पुढं केमार्ट झाली, आणि त्यानं १९२४ मध्ये फाउंडेशन काढलं. कंपनीचं जे व्हायचं ते झालं पण फाउंडेशन अजून आहे, ऑफिस इथंच ट्रॉयमध्ये आहे. २००२ मध्ये नदीकाठ साफ करून लोकांना चालायला जागा करायची तेव्हा ५ कोटी डॉलर यांनी दिले. कलाकारांना फेलोशिप देतात, ज्यात चित्र काढ, नाटक कर, भाडं भर, काहीही कर, हिशोबाची पावती मागत नाहीत. फोर्ड फाउंडेशनची गोष्ट उलटी. ते १९३६ मध्ये मिशिगनमध्येच एडसेल फोर्डनं काढलं, पण १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला गेलं आणि शहराशी नातं बारीक होत गेलं. शहर बुडायला आलं तेव्हा फाउंडेशन्समध्ये सगळ्यात मोठी रक्कम मात्र त्यांनीच दिली. आम्ही गाव सोडून आलेली माणसं आहोत, त्यामुळे ही गोष्ट मला लागते, खोटं कशाला बोलू.

म्युझियमच्या मधल्या हॉलमध्ये दिएगो रिवेराची भित्तिचित्रं आहेत, २७ पॅनल, १९३२-३३ ची. माझे बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉपला (ओतकामाचे नमुने बनवतात तिथं) होते, ते इथं आले तेव्हा त्यांना घेऊन गेलो. उत्तरेच्या भिंतीवर फोर्ड व्ही-८ इंजिन कसं तयार होतं ते काढलंय, वर भट्टीचा लालभडक उजेड, खाली इंजिन ब्लॉक ओढणारी माणसं, अंग मागं टाकून, दात आवळून. बाबा अर्धा तास तिथून हलले नाहीत, मला एकेक स्टेप दाखवत होते, हा कोअर, हा मोल्ड, हा ओतणारा बघ कसा उभा राहिलाय. ही चित्रं उघडली तेव्हा शहरातल्या पाद्र्यांनी आणि पेपरवाल्यांनी बोंब मारली होती की पुसून टाका, आणि पैसे देणारा एडसेल फोर्ड, स्वतः कारखान्याचा मालक, चित्रकार उघड कम्युनिस्ट विचारांचा, तरी हा माणूस हलला नाही. पैसे देणाऱ्याचा कणा ताठ असेल तर काय होतं हे मला त्या भिंतीसमोर कळतं, आणि आपल्याकडे नाटकावर, संमेलनाच्या अध्यक्षांच्या भाषणावर दबाव येतो तेव्हा अनुदान देणारा कुठं उभा असतो ते आठवतं.

पण ही सगळी बाजू एकाच रंगात रंगवणार नाही. पेन्शन वाचली म्हणतात, पण सामान्य कर्मचाऱ्यांची साडेचार टक्के कापली गेली, दरवर्षीची महागाईची वाढ गेली, आणि निवृत्तांचा आरोग्य विमा तर जवळजवळ गेलाच. फाउंडेशन्सचा पैसा डाउनटाउन आणि मिडटाउनमध्ये जास्त दिसतो, दूरच्या वस्त्यांमधली माणसं म्हणतात आमच्या गल्लीत कधी येणार, आणि ते बरोबरच म्हणतात. फाउंडेशनच्या बोर्डाला कुणी मत देऊन निवडत नाही.

फ्लिंटचं उदाहरण तर त्याहून वाईट. इथून तासाभरावरचं शहर. २०१४ मध्ये पैसे वाचवायला राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या राज्यात डेट्रॉईटचं पाणी सोडून नदीचं पाणी घ्यायला सुरुवात झाली, पाईपमधलं शिसं पाण्यात उतरलं, जनरल मोटर्सनं त्या पाण्यानं इंजिनचे पार्ट गंजतायत म्हणून त्याच वर्षी ते पाणी बंद केलं पण लहान मुलं वर्षभर तेच पीत राहिली. शेवटी परत डेट्रॉईटच्या पाण्यावर यायला १ कोटी २० लाख डॉलर लागणार होते, त्यातले ४० लाख मॉट फाउंडेशननं दिले. फ्लिंटमधलंच फाउंडेशन ते, १९२६ पासूनचं. दिले ते चांगलंच केलं, मुलं थांबू शकत नव्हती. पण नळाचं पाणी ही सरकारची जबाबदारी, त्याचं बिल धर्मादाय पैशानं भरायची वेळ यायला नको होती. म्हणून आमच्या ग्रुपवरचा पहिला गट जेव्हा म्हणतो की देणगीची सवय लागली की सरकार हात झटकतं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडत नाही.

आणि नदीकाठचं जे काम सांगितलं ते सांभाळणाऱ्या संस्थेच्या सीएफओनंच (पैशांचा व्यवहार बघणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यानं) काही वर्षांत ४ कोटी डॉलरहून जास्त खाल्ले, २०२४ मध्ये पकडला गेला, गुन्हा कबूल केला. बोर्डावर शहरातली मोठमोठी माणसं असताना.

तरीसुद्धा मी फाउंडेशनच्या बाजूनं का, तर तीन गोष्टींमुळे, आणि त्यातली पहिलीच सगळ्यात मोठी. हा पैसा संपत नाही. इथल्या कायद्यानं खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावेच लागतात, बाकी गुंतवलेलं राहतं. म्हणजे पुढच्या वर्षी पैसा येणार हे घेणाऱ्याला माहिती असतं, तो माणूस नेमू शकतो, छप्पर गळायच्या आधी दुरुस्त करू शकतो. आपल्याकडे काय आहे? कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सीएसआर (समाजकार्याचा निधी) द्यावा लागतो, कला, वारसा, सार्वजनिक वाचनालय हे सगळं त्यात बसतं, आपल्या भागाला प्राधान्य द्या असंही लिहिलंय, पण हा पैसा संस्थेच्या कॉर्पसमध्ये (कायम राहणाऱ्या मुद्दलात) टाकता येत नाही, २०२१ पासून ते सरळ बंदच केलं. खर्च करा, प्रोजेक्ट दाखवा, फोटो काढा, पुढचं वर्ष. आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाला असे पाच कॉम्प्युटर मिळाले, प्रत्येकावर कंपनीचा स्टिकर, मी गेलो तेव्हा पाचही कापडाखाली झाकलेले, कारण बिल परवडत नाही, आणि ग्रंथपालबाईंचं मानधन कित्येक महिने थकलेलं. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं, वाळवी लागू नये म्हणून पुस्तकांमध्ये स्वतः आणलेला कडुलिंबाचा पाला ठेवलेला. कंपनीनं वाईट केलं असं मी म्हणत नाही, कायदाच असा आहे की वस्तू देणं सोपं आणि माणसाचा पगार वर्षानुवर्षं देणं अवघड.

दुसरी गोष्ट, हिशोब उघडा. इथल्या प्रत्येक खासगी फाउंडेशनला ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो घरबसल्या कुणालाही बघता येतो, कुणाला किती दिले, डायरेक्टरला पगार किती, पैसा कुठं गुंतवलाय, सगळं. नदीकाठच्या प्रकरणातून हेही कळलं की फॉर्म भरला म्हणजे कुणी वाचला असं नाही, पण वाचायचा ठरवला तर आहे तरी. आपल्याकडे ट्रस्टचा हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, तो काढून बघा म्हणजे कळेल.

तिसरी, लोकांनाही पैसे घालावे लागले. दिवाळखोरीच्या आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, डेट्रॉईट आणि आजूबाजूचा भाग मिळून तीन काउंट्यांतल्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) लोकांनी मतदान करून म्युझियमसाठी स्वतःवर घरपट्टीत वाढ लावून घेतली, करपात्र किंमत लाखभर डॉलर असेल तर वर्षाला २० डॉलर, आणि त्या बदल्यात तिथल्या सगळ्या रहिवाशांना प्रवेश फुकट. २०२० मध्ये लोकांनी ते परत मंजूर केलं. मी तो टॅक्स भरतो आणि मला तो सगळ्यात कमी टोचणारा टॅक्स वाटतो. त्यामुळे "सरकार की देणगीदार" याचं उत्तर डेट्रॉईटनं तरी दोन्ही असं दिलं, वर लोकांचं मतही.

आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी सांगू नये. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम महापालिकेचं, २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी संस्था इन्टॅक यांचा त्रिपक्षीय करार झाला, २००८ ला म्युझियम नव्यानं उघडलं आणि ज्यानं ते आधी बघितलंय त्याला फरक सांगायला नको. पण ते मुंबईत. टाटांच्या ट्रस्टचं नाटक-संगीताचं केंद्र एनसीपीए मुंबईत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर यांच्यासाठीच बांधलेला, दुसरीकडे जाऊ न शकणारा पैसा कुठं आहे? कोल्हापुरात १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, खासबागेचं कुस्तीचं मैदान आहे, गाण्याचा देवल क्लब आहे, आणि या सगळ्यांच्या मागं उभं राहील असं एक जिल्ह्याचं फाउंडेशन नाही.

माझं म्हणणं असं की ते काढावं. १० कोटींचा कॉर्पस धरा, ७ टक्क्यांनी वर्षाला ७० लाख येतात, त्यातले २० लाख महागाईसाठी परत मुद्दलात टाकले तरी ५० लाख वाटायला राहतात, म्हणजे पंचवीस वाचनालयांना दरवर्षी २ लाख, फक्त पगार, बिल आणि देखभालीसाठी, नवीन बांधकामाला एक पैसा नाही. कुणाच्या नावाची पाटी नाही. ट्रस्टींमध्ये देणारे अर्ध्याहून कमी, बाकी ग्रंथपाल, रंगमंच कामगार, शिक्षक. हिशोब दरवर्षी मराठीत, नावनिशीवार, नेटवर. सरकारनं आपलं अनुदान कमी केलं तर तेवढी रक्कम भरून काढायची नाही, हे फाउंडेशनच्या घटनेतच लिहायचं, फ्लिंटवरून शिकायचं ते हेच.

आणि आम्ही परदेशातले काय करू शकतो ते पण स्पष्ट सांगतो, कारण तिकडे समज आहे की डॉलर आले की झालं. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या कमाईतून, बँकेमार्फत पैसे पाठवले तर ते परकीय देणगीत धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झाला की, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, त्याचा रुपया एफसीआरए या परकीय देणगीच्या कायद्याखाली येतो, त्यासाठी संस्थेचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याला तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं लागतं. तालुक्याच्या वाचनालयाला हे होणार नाही, जिल्ह्याच्या फाउंडेशनलाही सुरुवातीची तीन वर्षं नाही. म्हणून पहिले दोन-तीन कोटी शिरोलीतून, गोकुळ शिरगावातून, इचलकरंजीतून मालकांनी स्वतःच्या खिशातून टाकायला पाहिजेत, सीएसआरचे चालणार नाहीत. त्याच वर्षी इथले पासपोर्ट न बदललेले आम्ही लोक आमचे टाकतो, माझे धरून चाला, आणि ट्रस्टचा मसुदा लिहायला कोल्हापुरात कुणी वकील किंवा सीए तयार असेल तर त्यानं आधी पुढं यावं, बाकीचं त्याच्यानंतर.