पी लहर मोजून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करता येत नाहीत

"ईसीजीत पी लहर तीन छोट्या चौकोनांच्या आत असेल तर एएफ वाढत नाही, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करा. तीनच्या वर असेल तर वर्षभरात एएफ कायमचं होणारच. घड्याळावरही मोजता येतं." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. (एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार; पी लहर म्हणजे ईसीजीवर ठोक्याच्या सुरुवातीला दिसणारा, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा.) आमच्या काकांनी तो वाचून रात्रीची गोळी सोडली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी गोळ्यांचं, कारण जीव तिथे जातो. एएफमध्ये डाव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या, कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. गोळी द्यायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधी झालेला पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांवर ठरतं. पी लहरीची रुंदी त्या हिशेबात नाहीच. एएफ अधूनमधून येतं की कायमचं आहे, यावरही गोळी थांबत नाही. अपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 12 तास असतो. दोन-तीन दिवस गोळी चुकली की संरक्षण जवळजवळ संपलेलं असतं.

"ईसीजी नॉर्मल म्हणजे धोका नाही" हा समज तर 2019 सालीच खोटा ठरलाय. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की ठोके नियमित असतानाच्या 10 सेकंदांच्या ईसीजीवरून संगणक एएफचे रुग्ण ओळखू शकतो. म्हणजे नियमित पट्टीमागेही एएफ लपलेलं असतं. त्या संगणकाचीही संवेदनशीलता 79 टक्के होती, पाचातला एक रुग्ण निसटला. शिवाय तो एएफ आहे का हे सांगत होता, ते पुढे किती वाढेल हे नाही.

आता अर्धसत्य. पी लहर 120 मिलिसेकंदांहून रुंद असणं आणि एएफ होणं वा परत येणं यांचा संबंध आहे, हे मान्य. दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे एका कोनातून बघणारी ईसीजीची एक नोंद) ती आधी वर आणि मग खाली जात असेल, तर तो जास्तच. पण हा संबंध गटाचा असतो, एका माणसाचं भविष्य नव्हे. "होणारच" कुठून आलं?

आणि मोजणार कसं? कागद सेकंदाला 25 मिमी सरकतो, छोटा चौकोन 40 मिलिसेकंदांचा. नजर अर्धा मिमी चुकली की 20 मिलिसेकंद गेले. सगळ्या लीडमधली सर्वांत लवकरची सुरुवात आणि सर्वांत उशिराचा शेवट धरायचा असतो. छातीवरच्या व्ही1 लीडचा इलेक्ट्रोड चौथ्याऐवजी दुसऱ्या बरगडी-फटीत लागला तर पी लहरीचं टोक उगाच खोल दिसतं. आणि त्या क्षणी एएफ चालू असेल तर पी लहर नसतेच!

घड्याळ एकाच लीडची पट्टी देतं, बहुधा पहिल्या. अनियमित ठोके पकडायला उपयोगी. वरची मापं त्यात येत नाहीत.

ज्यांनी गोळी सोडली त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना फोन करावा. राहिलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.