‘जुनेच लेख कॉपी-पेस्ट करून वर्गणी मागतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. डिझाइन शिकवणाऱ्या आमच्या मासिकाच्या नव्या वेबसाइटवर तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो, सर्चमध्ये ‘कोरल’ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की भलतंच येतं, आणि पाडव्याला सुरू करतो म्हणून गणपतीनंतर सुरू केली, हे तुमचे तिन्ही मुद्दे कबूल. त्यावर वाद नाही.

पण ‘मासिकातले जुनेच लेख कॉपी-पेस्ट केले आणि ४९९ रुपये उकळतात’ हे जिव्हारी लागलं. तुम्ही स्वतः सांगलीत डीटीपीचं काम करता, असं तुम्हीच लिहिलंय. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं.

आमचे जुने अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये लावलेले. तो मजकूर उचलून जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला तर काय कचरा दिसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुळात फाइल उघडण्यापासूनच तयारी. त्यानंतर आलेलं इनडिझाइन सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरची फाइल घेत होतं, पुढे सीसी आवृत्ती आल्यावर ती सोयच काढून टाकली. त्यासाठी एक जुनं मशीन अजून जपून ठेवलंय. त्याला नेटसुद्धा जोडत नाही, न जाणो काय अपडेट होईल. फाइल उघडली की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे वेबसाइटला चालणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलणारा कन्व्हर्टर. श्री-लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं नेमकं उलटं. इथपर्यंत कन्व्हर्टर बऱ्यापैकी सांभाळतो.

खरी गंमत पुढे आहे. ट्युटोरियल म्हटलं की ओळीओळीला इंग्रजी, मेनूचं नाव नाहीतर शॉर्टकट. पण जुन्या फॉन्टमधलं मराठी अक्षर आतून इंग्रजी कीच्याच जागेवर बसलेलं असतं. फॉन्टची माहिती गळाली की कन्व्हर्टरला खरं इंग्रजी कुठलं आणि मराठी कुठलं हे कळत नाही, तो सगळंच मराठी करून मोकळा होतो. ‘लेयर डुप्लिकेट करायला कंट्रोल आणि जे दाबा’ या वाक्यातल्या दोन्ही कीचं असं काही झालं होतं की काय दाबायचं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. असल्या चुका मशीन पकडत नाही. छापील अंक शेजारी ठेवून एकेक ओळ वाचावी लागली. आमच्या ऑपरेटर ताईंनी आणि मी हे केलं, तेही दिवसा पत्रिका आणि कारखान्यांचे अहवाल संपवून, रात्री. गणपती उजाडायचं कारण हे. याला तुम्ही कॉपी-पेस्ट म्हणालात.

आणि एवढं करून हे जुने लेख फुकट आहेत, सर. लॉगिनसुद्धा लागत नाही. वर्गणी आहे ती फक्त नव्या ट्युटोरियलची आणि सोबतच्या सरावाच्या फाइलची. वर्षाचे ४९९. एका लग्नपत्रिकेच्या डिझाइनला आपण दोघं काय घेतो, ते मी इथे लिहीत नाही.

‘नवीन काहीच नाही’ असंही तुम्ही म्हणता. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकल्यावर वेलांटी सुटून दिसते, जोडाक्षरं फुटतात. तिथे प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली टेक्स्ट इंजिन बदललं की ती नीट बसतात, इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. चित्रांसकट हे दोन्ही नव्या विभागात पहिल्याच पानावर आहे. छापील अंकात ते कधीच नव्हतं, कारण तेव्हा आपण सगळे श्री-लिपीवरच होतो. शिवाय इंकस्केप आणि क्रिटा या फुकट सॉफ्टवेअरवर नवी मालिका सुरू केलीय, म्हणजे ज्यांना सॉफ्टवेअरचं भाडं परवडत नाही त्यांचीही सोय व्हावी. तुमचं लॉगिन शनिवारी रात्री सुरू झालं आणि रविवारी सकाळी स्टार पडला. मध्ये नवा विभाग उघडला होता का, एवढंच विचारतो.

बाकीचं थोडक्यात. जुने ‘करून दाखवा’ डेमो दिसत नाहीत, कारण ते फ्लॅशमध्ये होते आणि अडोबीनेच ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं. त्यात आमच्या हातात काही नव्हतं. काही अंक अजून चढलेले नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात इथल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या कपाटातल्या सीडी गेल्या. ते अंक परत टाइप करतोय. तुमच्याकडे त्यातला एखादा असेल तर स्कॅन करायला द्या, दुसऱ्या दिवशी परत मिळेल.

आणि परवा फोनवर कोरलच्या क्रॅकची, म्हणजे चोरीच्या कॉपीची, लिंक मागितलीत, ती आम्ही कोणालाच देत नाही. राग त्याचा असेल तर माझा नाइलाज आहे.

सर्च दुरुस्त होतोय, मोबाइलचंही बघतोय, लवकरच फरक दिसेल. तीन महिन्यांच्या वर्गणीचाही विचार चालू आहे. तुम्हाला वर्गणी परत हवी असेल तर ऑफिसला या, पावती नसली तरी चालेल. फक्त दुपारी एक ते तीन बंद असतं.

आपला,
संपादक आणि चालक, सांगली