स्लो लोकलने ग्रँट रोडला

आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. ज्या सभेत निवड झाली तिला मी गेलो नव्हतो, हीच माझी पात्रता. तेव्हापासून सोसायटीचं सगळं दप्तर माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर असतं. हा कॉम्प्युटर २०१३ सालचा. सकाळी बटण दाबायचं, खाली जाऊन पाण्याची मोटार लावायची, वॉचमनच्या दोन तक्रारी ऐकायच्या, वर यायचं. तोवर पडद्यावरचे ठिपके गोल गोल फिरतच असायचे.

भाचा म्हणाला, "मामा, एसएसडी टाक, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नव्या पद्धतीची डिस्क. तुझ्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते आणि हेड इकडून तिकडे धावत माहिती शोधतं. एसएसडीत काही हलतच नाही, म्हणून ती फास्ट."

जागचं न हलणारं कोणी फास्ट असतं, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पाहण्यात आलं नव्हतं. तरी निघालो.

कॉम्प्युटरचं काही घ्यायचं तर लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण या नावाने पत्ता विचारलात तर त्याच रस्त्यावर उभा असलेला माणूसही तुम्हाला पुढे पाठवील. दादरहून ग्रँट रोडला जायला मी स्लो लोकल पकडली. कॉम्प्युटर फास्ट करायला मी एकाच दिवसात दोनदा स्लोने गेलो. दुसऱ्यांदा केबलसाठी. एसएसडीच्या खोक्यात केबल नसते, हे दुकानदाराने "साब, मक्खन चलेगा" म्हणताना सांगितलं नव्हतं.

डिस्क ५०० जीबीची घेतली, कॉम्प्युटरने ४६५ दाखवली. बिल मुठीत धरून मी तिसऱ्यांदा निघणार, तेवढ्यात भाच्याने फोनवर समजावलं: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच, फूटपट्टी वेगळी. आमच्या रिडेव्हलपमेंटच्या सभेत बिल्डरच्या माणसाने नेमकं हेच वाक्य वापरलं होतं.

आता जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची. याला क्लोन म्हणतात. जुनी डिस्क एक टीबीची, नवी तिच्या निम्मी. सामान चारशे जीबीच्या आतलं, तरी आधी जुन्या डिस्कवरचा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज आणि सामान राहतं तो भाग, आकसून घ्यावा लागतो. विंडोज आकसायला तयार होईना. का, तर मध्येच कुठेतरी पेज फाइल (मेमरीत न मावणारं ठेवायची) आणि हायबरनेशनची फाइल (कॉम्प्युटर झोपताना चालू काम ठेवायची) अशा विंडोजच्या स्वतःच्या दोन फाइली ठाण मांडून बसलेल्या. त्या हलवता येत नाहीत, आणि त्या जिथे बसल्यात त्याच्या अलीकडे ड्राइव्ह आकसत नाही. सगळी इमारत रिकामी झाली तरी तळमजल्यावरचा एक भाडेकरू "आधी माझं बोला" म्हणून खुर्ची टाकून बसतो, तसंच. खऱ्या भाडेकरूपेक्षा या दोघी सज्जन निघाल्या. सेटिंगमध्ये बंद केल्या, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, की गेल्या. कोर्टकचेरी नाही, भाड्याचा चेक नाही.

मग क्लोन लावला. साडेतीन तास चालला. त्यात शेवटचा तास नुसता ९९ टक्क्यांवर. रात्री साडेबाराला 'यशस्वी' असं आलं आणि मी कॉम्प्युटर बंद करून झोपलो. जुनी डिस्क मात्र आतच ठेवली. चालू वस्तू उपटून बाजूला टाकणं आमच्या घराण्यात नाही.

सकाळी बटण दाबलं आणि काय सांगू! फरक जाणवला. ठिपके फिरत होते, पण त्यांच्या फिरण्यात एक चपळाई होती. खजिनदारकाकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. तेही म्हणाले, "वा! उघडतो कसा, झटकन!" दोन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला एसएसडीचं माहात्म्य सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या दोघांनी माझ्या भरवशावर ऑर्डरही देऊन टाकली. बायको तेवढी म्हणाली, "अजून मोटार लावून येईपर्यंत लागतोच की वेळ." तिला तांत्रिक बाबींतलं कळत नाही, असं मी धरून चाललो.

रविवारी भाचा आला. पाच मिनिटं खुडबुड करून म्हणाला, "मामा, हा अजून जुन्याच डिस्कवर चालतोय."

बायॉसमध्ये, म्हणजे बटण दाबताच विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या प्रोग्राममध्ये, कोणत्या डिस्कपासून सुरुवात करायची याची यादी असते. तिच्यात जुनी डिस्क पहिली होती. नवी पाटी लागली म्हणून कोणी भडकमकर मार्ग म्हणत नाही, कॉम्प्युटर तरी का म्हणेल? शिवाय क्लोन इतका हुबेहूब झाला होता, की दोन्ही डिस्कची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक, एकच. एका सहीचे दोन सभासद पाहून विंडोजने नव्याला ऑफलाइन, म्हणजे वापराबाहेर, करून ठेवलं होतं. आमच्या सभेत अशा वेळी दोघंही मतदान करतात.

भाच्याने जुन्या डिस्कची केबल काढली. बटण दाबलं. मी सवयीने चपला घालून जिन्यापर्यंत पोचलो, तोवर आतून विंडोजचा 'टडंग' ऐकू आला. परत येऊन पाहतो तो दोन दिवसांत केलेली मेंटेनन्सची बिलं गायब. ती जुन्या डिस्कवर राहिली होती. रात्रभर बसून ती एकेक करून आणली.

सोमवारी खजिनदारकाका बिलं न्यायला आले. कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत उघडला. ते पडद्याकडे बघत राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "परवा जरा जास्त फास्ट होता, नाही?"