टॅब बंद करणार नाही, बाकी काहीही सांगा

लॅपटॉप हँग झाला की घरातला प्रत्येक माणूस इंजिनियर होतो आणि प्रत्येकाकडे एकच उपाय असतो, "आधी ते टॅब बंद कर."

अरे पण क्रोम ब्राउजरमधले हे टॅब मी काय हौस म्हणून उघडलेत का? दिवाळी अंकाची प्रुफं घरी आलेली, त्यासाठी शब्दकोशाचे दोन-तीन टॅब तर हवेतच. मग गणपती तोंडावर आलेत म्हणून गावच्या गाडीची वेटिंग लिस्ट, उकडीच्या मोदकांची रेसिपी (रेसिपी एकच, पण चार बायकांची, कारण प्रत्येकीचं पाण्याचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला स्वतःच्याबद्दल खात्री), गुडघ्याचे व्यायाम जे सोमवारपासून करायचेत, आणि एक पैठणी जी मला घ्यायची नाहीये, फक्त तिची किंमत उतरतेय का यावर लक्ष ठेवायचंय. यातलं नक्की काय बंद करू सांगा. लोक म्हणतात बुकमार्क कर. बुकमार्क केलेली गोष्ट परत कधी कोणी उघडून बघितल्येय? टॅब कसा डोळ्यासमोर राहतो.

म्हणजे राहायचा. टॅब वाढले की आधी त्यांची नावं जातात, मग नुसती चित्रं उरतात आणि मग चित्रंही जाऊन बारीक बारीक रेघा राहतात. पण मला अंदाजाने कळतं, गुडघा डावीकडे, पैठणी त्याला लागून. नवऱ्याला हे कौतुकाचं वाटत नाही.

तर त्या दिवशी प्रुफं तपासता तपासता पंखा असा काही घोंगावायला लागला की शेजारणीने मिक्सर लावलाय असं मला आधी वाटलं. कर्सर गोल गोल फिरतोय. मी 'अनुस्वार' टाइप केलं तर स्क्रीनवर काही नाही, परत टाइप केलं तरी नाही, वैतागून नुसतीच दोन बटणं बडवली आणि मग अचानक सगळं एकदम उमटलं, 'अनुस्वारअनुस्वारकककक'. तेवढ्यात कुठूनतरी एक बाई फरशीचे डाग कसे घालवायचे ते ठणठणीत आवाजात सांगायला लागल्या. कुठल्या टॅबमधून ते कळायला मार्ग नाही. आवाज येणाऱ्या टॅबवर स्पीकरचं चिन्ह येतं म्हणे, पण ते दिसायला टॅबला रुंदी तर हवी ना!

नवरा आला. "अगं, बंद करून परत चालू कर." केलं. ब्राउजरने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, मागचं सगळं परत उघडू का? उघड म्हणलं. सगळे टॅब परत, पंखा परत, फरशीवाल्या बाईसुद्धा परत. मग त्याने मला उठवलं, स्वतः बसला आणि हिस्ट्री, कुकीज (साइटने आपली ओळख लक्षात ठेवायला ठेवलेल्या चिठ्ठ्या), कॅशे (साठवून ठेवलेली पानं) जे जे दिसेल त्यावर टिक करून सगळं साफ केलं. लॅपटॉप होता तिथेच, फक्त मी सगळीकडून लॉगआउट झाले, मेलपासून वीजबिलापर्यंत. पासवर्ड आठवत नाहीत म्हणून ओटीपी मागवावे तर त्यातले अर्धे मुलाच्या नंबरवर, आणि तो ऑफिसात मीटिंगमध्ये. कुकीज उडवल्या की लॉगिन जातं एवढं तरी त्या खिडकीत लिहिलेलं असतं, वाचायला मात्र थांबावं लागतं.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीला असतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलेला आणि बोलायला भरपूर मोकळा. त्याला मी आधीच बजावलं, टॅब बंद कर म्हणालास तर फोन ठेवीन. तो म्हणाला, "मावशी, बंद नको करूस, आधी कोण खातंय ते बघ. शिफ्ट दाबून एस्केप दाब."

आणि एक खिडकी उघडली जी इतक्या वर्षांत मला कोणी दाखवलीच नव्हती. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर! प्रत्येक टॅबचं नाव, पुढे मेमरी किती, सीपीयू म्हणजे प्रोसेसर किती. मेमरीच्या मथळ्यावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. मला वाटलेलं पैठणी असेल. नाही! सगळ्यात वर मोदकवाल्या चौघींपैकी एक आणि तिच्या पाठोपाठ 'सबफ्रेम, सबफ्रेम' करत अनोळखी पत्त्यांची ही मोठी रांग.

भाच्याने समजावलं ते असं, की २००८ मध्ये क्रोम आला तेव्हापासून त्यात साधारण प्रत्येक टॅबची वेगळी चूल (त्यांच्या भाषेत प्रोसेस) असते, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीच्यांचा स्वयंपाक चालू राहतो. मग २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली भानगड उघडकीला आली, एका साइटला दुसरीची माहिती चोरून वाचता येऊ नये म्हणून एकाच पानातल्या परक्या साइटच्या चौकटींनाही वेगळी चूल मिळाली. म्हणजे मोदकाच्या पानावर जेवढे जाहिरातवाले पोटभाडेकरू तेवढ्या चुली, आणि सगळ्यांचं सरपण माझ्या ८ जीबी रॅममधून, म्हणजे त्याच मेमरीतून. ती संपली की लॅपटॉप डिस्कवर सामान हलवायला लागतो आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू, म्हणून तो 'कककक'.

मोदकवालीच्या त्या ओळीवर जाऊन 'एंड प्रोसेस' दाबलं. पंखा हळूहळू शांत, बाई गप्प. फरशीवाल्या बाई मोदकातच राहत होत्या तर! टॅब तिथेच, फक्त आत रडक्या चेहऱ्याचं एक चित्र. हवं तेव्हा रीलोड करायचं. बघा, बंद न करता झालं की नाही?

मग भाच्याने इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत, एरवी रखडणारी एक साइट उघडायला लावली. तिथे ती फटाफट उघडली. तिथे एक्स्टेन्शन (ब्राउजरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, म्हणजे संशय त्यांच्यावर. निघालं एक कूपन शोधून देणारं, जे मुलाने कधीतरी टाकलेलं आणि ज्याने आजवर मला एक रुपयाचंही कूपन दिलेलं नाही. ते काढलं. क्रोमच्या सेटिंगमधला मेमरी सेव्हर चालू केला, त्याने न वापरलेले टॅब झोपतात. मात्र झोपलेल्या टॅबवर परत गेलं की पान नव्याने लोड होतं, आणि नव्याने लोड झालेल्या पैठणीवर 'आउट ऑफ स्टॉक' लिहिलेलं होतं. असो. घ्यायची नव्हतीच.

हे सगळं होईपर्यंत नवरा मागे उभा राहून, "शिस्त नाही, मी सांगत होतो, एवढे टॅब लागतातच कशाला," असं चालू. म्हणलं बघू तुमचा फोन. ब्राउजर उघडला तर वर जिथे टॅबचा आकडा असतो तिथे आकडाच नाही, कोलन आणि त्यापुढे इंग्रजी डी. भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर गाडीत एकटाच असून तो इतका मोठ्याने हसला की मागच्याने हॉर्न दिला.

"काका, अँड्रॉइडवर शंभर टॅब झाले की क्रोम मोजणं सोडून देतो आणि ही स्मायली दाखवतो."

नवऱ्याला इतके दिवस वाटत होतं की सगळं व्यवस्थित चालू आहे, अशी ती खूण आहे.

"मग आकडा परत आणायला काय करायचं?"

"थोडे बंद करा."

"बघू," असं म्हणून त्याने फोन खिशात घातला.