बहार फुटला आहे, तुम्हीही लिहा

वाचायचं इतकं साचलंय की लोकांनी वाचणंच सोडलंय. म्हणजे ईमेलनं धाडायचं तुमचं स्वतःचं न्यूजलेटर सुरू करायची हीच वेळ. मोर्शी-वरूडकडचा कास्तकार याला हसणार नाही. संत्र्याचा भाव पडतो, झाडाखाली फळांचा सडा पडतो, आणि त्याच पावसाळ्यात तो नवी कलमं आणतो. गळ होते ती दुसऱ्याच्या बगीच्यात. आपल्या बगीच्यात फक्त बहार असतो.

नाव आधी ठरवा. मजकूर नंतर सुचतो, नाही सुचला तरी अडत नाही. ‘धुऱ्यावरून’, म्हणजे शेताच्या बांधावरून, हे नाव चांगलं आहे. धुऱ्यावर तुम्ही शेवटचे कधी गेला होतात हे पुण्यातल्या वाचकाला कळत नाही, आणि ज्या भावकीला कळतं ती वाचत नाही. (धुऱ्यावरूनच ज्यांचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे, त्यांनी दुसरं नाव बघावं.)

पहिल्या अंकात आपण का लिहितोय ते लिहा. दुसऱ्या अंकात उशिराबद्दल माफी मागा. उशीर झाला हे कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं, म्हणून माफी सविस्तर हवी: फवारणीचे दिवस होते, साल्याच्या घरी लग्न होतं, लाइन रात्रीची होती म्हणून ओलितासाठी जागावं लागलं. जागताना काय विचार आले ते तिसऱ्या अंकाला ठेवा. चौथा अंक हमखास चालतो. विषय, ‘मी वाचणं कमी कसं केलं’. तो अडीच हजार शब्दांच्या खाली जाऊ देऊ नका.

लांबीची लाज बाळगायचं कारण नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहिली. ओळखली जातात शतपत्रे म्हणून, आहेत १०८. शंभरावर थांबणं त्यांना जमलं नाही, तिथं तुमची-माझी काय कथा! फरक एवढाच की त्यांची पत्रं लोकांना झोंबली. आपल्या पत्राला अंगठा येतो.

वाचक मिळवणं त्याहून सोपं आहे. विचारत बसायचं नाही, जोडून टाकायचं. गावात ईमेल सगळ्यांकडे आहे. कुठल्याशा योजनेचा फॉर्म भरायचा होता तेव्हा सेतूवाल्या पोट्ट्यानं तो काढून दिला, आणि पासवर्डही त्याच्याचकडे राहिला. माझे गावात एकवीस वाचक आहेत. नीट पाहिलं तर तो एकच पोट्टा एकवीस नावांनी बसलेला आहे. एक दिवस त्यानं मला पानठेल्यावर गाठलं.

“काका, ते तुमचं एकवीस डाव येते. एकच डाव धाडता नाई येत काय?”

आकड्याला किती किंमत असते, हे या वयाच्या पोराला कसं समजवावं?

आकड्यांचं शास्त्र मात्र समजून घ्या. तुमच्या पत्रात डोळ्याला न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र दडवलेलं असतं. ते सर्व्हरवरून उचललं गेलं की ‘उघडलं’ अशी नोंद पडते. २०२१ मध्ये ॲपलनं आपल्या मेलमध्ये अशी सोय दिली की ही चित्रं परस्पर, मागच्या मागे उतरवली जातात, मग माणूस झोपलेला का असेना. तेव्हापासून माझे आयफोनवाले वाचक फार मन लावून वाचतात. एक भाचा तर पहाटे तीनला वाचतो. त्याच्या आईला मी अजून सांगितलं नाही.

पैसे लावावेत का? अवश्य. पैसे भरल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही ही अक्कल अमेरिकेची आहे असं समजू नका, ती आपल्या रिद्धपूरकडची आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांना पाहिलं-ऐकलं त्यांना हिंडून, विचारून विचारून लीळा गोळा केल्या. पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत घातले, आणि बाहेरच्या माणसाला कित्येक शतकं त्यातली ओळ लागली नाही. आपण यातलं हिंडणं आणि विचारणं तेवढं वगळायचं. कुलूप घ्यायचं. माझ्या कुलपाआड सध्या सतरा अंक सुखरूप आहेत. कोणी हातसुद्धा लावलेला नाही.

आता एक अनुभवाची गोष्ट. आमच्या पानठेल्यावर हंगामात एक मजकूर सगळे शेवटपर्यंत वाचतात, एकमेकांना वाचूनही दाखवतात. दोन ओळींचा असतो. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, ही पहिली ओळ. खाजगीत आज काय चाललंय, ही दुसरी. मी म्हटलं, आपणही करून पाहावं. अंकाच्या डोक्यावर त्या दोन ओळी टाकल्या, आणि खाली माझं हिवाळ्यातल्या एकांतावरचं चिंतन, ज्यावर मी नऊ दिवस घासलो होतो.

पहिल्यांदाच उत्तरं आली. सेतूवाल्यानं एकवीस जणांना बोलावून दाखवलं म्हणे. पाच जणांनी विचारलं, ओलावा किती चालते? सहावं उत्तर जरा मोठं होतं:

“भाव तेवढा बराबर टाकत जा, भाऊ. खालचं नाई लेह्यलं तरी चालते.”