ठाण्याला चालले, खरेदीला

आमच्या घरी कुणी जरा विचित्र वागलं की ठरलेलं वाक्य असायचं, "हिला ठाण्याला सोडून या." डोंबिवलीकरांना यातली गोम समजावून सांगायला नको. १९०१ सालचं मनोरुग्णालय ठाण्यात आहे, म्हणून. पुणेकर याच चालीवर येरवडा म्हणतात. मीही हा विनोद शेकडो वेळा केलाय. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी खरोखरच ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची वेळ आली, तेव्हा मी घरी सांगितलं, "गोखले रोडला जाऊन येते, जरा खरेदी आहे."

त्याआधीचे सहा महिने 'ॲसिडिटी'त गेले होते. पहाटे चारला टक्क जाग. छातीवर पाटा ठेवल्यासारखं. कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या की पाच, तेच कळायचं नाही आणि त्यावरून रडू फुटायचं. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, बी-१२ झालं. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून वाईट वाटलेली मी एकटीच नसेन. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली. डिप्रेशन निघालं. गोळ्या मी कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत काढून ठेवल्या. (हे अजिबात करू नका. एकदा सासूबाई तीच डबी हातात घेऊन बसल्या होत्या, माझा जीव खालीवर.)

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "का गं? काय कमी आहे तुला?" टोमणा नव्हता, मनापासून विचारलं होतं. मग मी दोन दिवस कारणं शोधत बसले. घर स्वतःचं, नोकरी पक्की, मुलाचं ठीक चाललेलं. कारण सापडेना, तेव्हा वाटलं, आपण बहुतेक नाटकच करतोय. बहिणीने विपश्यना सुचवली. मैत्रीण म्हणाली, रोज चालायला जा, मन गुंतव कशात तरी.

आणि मग लोकलमधली आमच्या ग्रुपमधली एक. तिचं आडनावसुद्धा मला तेव्हा धड माहीत नव्हतं. परतीची गाडी, घाटकोपर गेलेलं, ती मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होती आणि मी मदत म्हणून अर्धी जुडी घेतलेली. लेडीज डब्यात एक बरं असतं, कुणी तोंडाकडे बघत नाही. मी मेथीकडे बघत म्हटलं, "मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते."

तिचा हात थांबला नाही. काड्या बाजूला करत तिने विचारलं, "कधीपासून?"

बास. एवढंच. ठाणं येईपर्यंत मी बोलत होते. मध्ये तिने "झोप लागते का आता?" विचारलं आणि "पुढच्या वेळी मी येऊ का सोबत?" एवढं विचारलं. उपाय एकही सांगितला नाही.

ताप आला म्हटलं की आपण विचारतो, कधीपासून? गुडघा दुखतोय म्हटलं तरी, कधीपासून? मनाचं काही म्हटलं की मात्र लगेच, का? 'का'ला उत्तर द्यावं लागतं, पुरावे द्यावे लागतात. आजारी माणसाच्या अंगात तेवढं बळ असतं तर तो आजारी कशाला म्हणवला असता? दर १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'मन मोकळं करा'च्या पोस्टींचा पूर येतो. मोकळं करायला हरकत नाही हो, पण समोर बसायला पाट मांडलाय का कुणी?

सगळ्यांना सांगायलाच हवं असंही मला वाटत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या गोळ्यांची चर्चा मला नको होती, आजही नको आहे. एक माणूस पुरतो. आणि त्यालाही आधीच बजावून ठेवायचं, "सल्ला नको, फक्त ऐक." मी नवऱ्याला नंतर हेच सांगितलं. बिचारा आता ओठ मिटून ऐकतो, बघायला गंमत वाटते.

एकही माणूस दिसत नसेल तर १४४१६ हा नंबर सेव्ह करून ठेवा. टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री अडीचला जीव नकोसा झाला तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच लावा. ठाण्यातच १९९० पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, म्हणजे 'ठाण्याला जाणं' याला दुसराही अर्थ कधीचाच आलेला आहे, आपल्या विनोदांना तेवढा कळलेला नाही. आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पॉलिसी काढून वाचा. ओपीडीचा खर्च बहुतेकींमध्ये नसतो, तो खिशातूनच जातो.

सासूबाईंना मी कधीच सांगितलं नव्हतं. वय, बीपी, उगाच काळजी. गेल्या महिन्यात फॉलोअपला निघताना नेहमीसारखं म्हटलं, "आई, गोखले रोडला जाऊन येते."

त्या पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन वर्षं खरेदीला जातेस, एक पिशवी कधी घरात आली नाही. आज जमलं तर माझ्या ब्लाउजला अस्तर आण. मोतिया रंगाचं, एक मीटर."